चार दिवसांत चौदा हजार फूट

वाचकाचं पत्र, थोडक्यात : फोंडा तालुक्यातल्या एका ५१ वर्षांच्या भगिनीनं लिहिलं आहे. पतसंस्थेत नोकरी करतात. मुलगी बंगळुरूला असते, घरी यजमान आणि सासूबाई. गेली तीन वर्षं त्या रोज पहाटे फर्मागुडीचा चढ चढून येतात, पावसाळ्यात ओळखीच्या ग्रुपबरोबर सत्तरी-सांग्यातल्या धबधब्यांवर जातात. यंदा त्यांचा भाचा चार मित्रांबरोबर मनालीजवळच्या भृगू तलावाच्या ट्रेकला निघाला आहे आणि "मावशी, तू पण चल" म्हणून मागे लागला आहे. चवथीनंतर, सप्टेंबरअखेरीस जायचं आहे. बेत असा : बुधवारी दुपारी मोपाहून दिल्ली, रात्रीच्या बसनं गुरुवारी सकाळी मनाली, त्याच दुपारी गुलाबा नावाच्या जागचा तळ. शुक्रवारी रोला खोली नावाचा वरचा तळ. शनिवारी तलाव पाहून पुन्हा रोला खोली. रविवारी वशिष्ठ गावात उतरून रात्रीची बस. जाहिरातीत "छोटा, सोपा, नवशिक्यांसाठी" असं लिहिलंय. हिमनदीचं तळं बघायची बाईंची इच्छा आहे. यजमान म्हणतात, "या वयात हे कशाला?" सासूबाई म्हणतात, "जा गं, मी अडुसष्टाव्या वर्षी केदारनाथला जाऊन आले, मला काही झालं नाही." बाईंना तीन वर्षांपासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. ते भाच्याला सांगितलेलं नाही, कळलं तर नेणार नाही ही भीती. त्या विचारतात : "जाऊ की नको? आणि मी मध्येच थकले तर मुलांचा ट्रेक मोडेल, त्यांना माझं ओझं होईल, त्याचं काय करू?"

ताई,

आधी उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. तुम्ही जावं असं मला वाटतं. पण या वेळापत्रकावर जाऊ नका, आणि गोळीची गोष्ट लपवून तर मुळीच जाऊ नका.

तुमच्या पत्रात "छोटा" हा शब्द मला पाच वेळा दिसला. छोटा आहे म्हणून जमेल, छोटा आहे म्हणून रजा मिळेल, छोटा आहे म्हणून यजमान तयार होतील. मला त्या शब्दापाशीच थांबायचं आहे. हा ट्रेक अंतरानं छोटा आहे, दिवसांनी छोटा आहे. उंचीनं तो अजिबात छोटा नाही. आणि हिमालयात दिवस कमी असणं ही सोय नसते, बऱ्याचदा तीच अडचण असते.

आपण समुद्राकाठची माणसं. फोंडा म्हटलं तरी समुद्रसपाटीच्या फारसं वर नाही, आणि गोव्यातला सगळ्यांत उंच डोंगरही बाराशे मीटरच्या आतच आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. गुलाबाचा तळ ३,१०० च्या आसपास, रोला खोली ३,८०० च्या आसपास आणि भृगू तलाव सुमारे ४,२३५ मीटरवर, म्हणजे चौदा हजार फुटांच्या जवळ. बुधवारी दुपारी तुम्ही मोपाला विमानात बसणार आणि शनिवारी दुपारी तलावावर उभ्या राहणार. मध्ये तीनच रात्री, त्यातली एक बसमधली.

वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही. ते इथंही २१ टक्के आणि तिथंही २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. तलावाच्या उंचीवर तो आपल्याकडच्या साधारण साठ टक्के उरतो, त्यामुळे दर श्वासाला छातीत जाणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. शरीर याची तजवीज करतं. श्वास खोल आणि भरभर होतो, मूत्रपिंडं रक्तातला समतोल नव्यानं साधतात. पण हे सगळं व्हायला त्याला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत घाई चालत नाही. म्हणून डोंगरातल्या डॉक्टरांचा साधा नियम आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक दिवस जादा मुक्काम करावा. दिवसा तुम्ही कितीही वर जाऊन या, हिशेब रात्री कुठं झोपता त्याचा धरायचा. आता तुमचा कार्यक्रम या नियमाला लावून बघा. अंथरुणावर पाठ टेकण्याची पहिलीच रात्र ३,१०० मीटरवर, दुसरी ३,८०० वर. तो नियम दुसऱ्याच मुक्कामाला मोडलेला आहे.

यजमानांचं म्हणणं मला इथं आठवतं. त्यांना तुमचं वय खुपतंय. पण उंची लागायला वय हे मोठं कारण नसतं. उलट पंचविशीतली पोरं जोरात चढतात, मित्रांसमोर डोकं दुखतंय म्हणून सांगत नाहीत आणि जास्त अडकतात. तुमच्याबरोबरची पाच मुलं त्याच वेळापत्रकावर निघाली आहेत, म्हणजे काळजी एकट्या तुमची नाही. फर्मागुडीचा चढही याला उत्तर नाही. त्या चढानं पायांत बळ येतं, दम वाढतो, ट्रेकचा आनंद घेता येतो आणि ते हवंच. पण उंची सोसण्याची ताकद त्यातून मिळत नाही. रोज दहा किलोमीटर पळणारा माणूस तंबूत ओकाऱ्या काढत बसलेला मी पाहिलाय, आणि त्याच तंबूबाहेर सावकाश चालणाऱ्या एक आजी चहा पीत होत्या.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी तुम्हाला "जा" म्हटलं हे मला फार आवडलं, घरात असं म्हणणारं कुणी असणं मोठं असतं. पण त्यांना एक विचारा, केदारनाथला चालत गेला होता की हेलिकॉप्टरनं, आणि रात्री वर राहिला होता का? केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. हेलिकॉप्टरनं गेलेली बरीच मंडळी दर्शन घेऊन काही तासांत खाली येतात. उंचीचा त्रास बहुधा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो, तोपर्यंत ती माणसं उतरलेली असतात. त्यामुळे त्यांच्या अनुभवावरून रोला खोलीतल्या दोन रात्रींचा अंदाज बांधता येणार नाही.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची असताना याच तलावाला निघाले होते, जवळजवळ अशाच घाईच्या कार्यक्रमावर. नेणाऱ्याला मी फोनवर विचारलं होतं, एक दिवस मनालीत राहायचं का? "काही होत नाही हो, सगळे असेच जातात," असं उत्तर मिळालं आणि मला ते ऐकायचंच होतं. रोला खोलीला संध्याकाळी पोचलो. समोर उतारावर घोडे चरत होते, ऊन सोनेरी झालं होतं, आणि मला त्यातलं काही बघावंसं वाटत नव्हतं. बुटाची नाडी सोडायला वाकले तर कपाळाच्या आत कुणी लाटणं फिरवतंय असं वाटलं. आचाऱ्यानं गरम वरणभाताची ताटली हातात दिली. मी चमचा भातात उभा खोचला आणि तसाच ठेवून दिला. "दमले आहे," म्हटलं. आमचा वाटाड्या त्याच भागातल्या गावचा होता. तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं येऊन म्हणाला, दीदी, या दोरीच्या बाजूनं चालून दाखवा, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून. मी चालणार नाही म्हणून वाद घातला, मग चालले. तोल गेला नाही. पण त्यानं सांगितलं, तुम्ही उद्या वर जायचं नाही. मी रडले, ताई. इतके पैसे, इतकी रजा, घरी सांगून आलेलं सगळं डोळ्यांपुढं आलं. सकाळी तो मला एका मदतनिसाबरोबर खाली घेऊन निघाला. गुलाबाच्या जवळ आलो तेव्हा एका वळणावर माझ्या लक्षात आलं की डोकं दुखायचं थांबलंय. रस्त्यावरच्या ढाब्यात मी तीन पराठे खाल्ले.

दोन वर्षांनी पुन्हा गेले, तीन दिवस जास्त काढून. तलाव पाहिला. सप्टेंबर होता, गवत पिवळं पडलेलं, पलीकडच्या काठाला सावलीत बर्फाचा एक मळकट पट्टा उरलेला आणि पाणी काळसर हिरवं, इतकं स्वच्छ की काठचे दगड मोजता यावेत. भृगू ऋषींनी तिथं तप केलं अशी श्रद्धा आहे, आणि तलाव कधी पूर्ण गोठत नाही असं तिथले लोक सांगतात. काठावर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आमच्या वाटाड्यानं चपला काढून हात जोडले, म्हणून आम्हीही काढल्या. जेमतेम अर्धा तास तिथं होतो, आणि तो अर्धा तास माझं डोकं जागेवर होतं म्हणून मला आठवतो.

आता गोळीचं. ही गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे, म्हणून मी तिच्याकडे जास्त लक्ष देते. आटोक्यात असलेला रक्तदाब असणाऱ्या कितीतरी लोकांना डॉक्टर अशा उंचीवर जायची परवानगी देतात, त्यामुळे ती गोळी म्हणजे नकार असं तुम्ही आधीच गृहीत धरू नका. मात्र उंचीवरच्या पहिल्या काही दिवसांत रक्तदाब वाढण्याकडे कल असतो, आणि काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. उंचीचा त्रास टाळायला डॉक्टर जे अ‍ॅसिटाझोलामाइड देतात, ज्याला सगळे डायमॉक्स म्हणतात, तेही लघवी वाढवतं. दोन्ही एकत्र चालतील का, किती घ्यायचं, सल्फाच्या औषधांची तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे का, हे तुमच्या डॉक्टरांनीच बघायला हवं. भाच्याच्या मित्रानं डायमॉक्सची गोळी दिली तर ती घेऊ नका. तो पूर्वी उंचीवर गेला होता तेव्हा त्याला चालली असेल, तो तेवीस वर्षांचा आहे. डायमॉक्सनं बोटांना, ओठांना मुंग्या येतात, ते माहीत असलं म्हणजे वर घाबरायला होत नाही. आणि ते औषध शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं एवढंच. चुकीचं वेळापत्रक त्यानं बरोबर होत नाही.

भाच्याला का सांगायचं? समजा रात्री दोनला तुम्हाला चक्कर आली. तंबूत शेजारी जो असेल त्याला गोळी माहीत नसेल तर तो खाली रस्त्यावर भेटलेल्या डॉक्टरला काय सांगणार? ट्रेक नेणारे जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात तो पुष्कळ जण डोळे मिटून "काही नाही" लिहून देतात. तो तुमच्यासाठी असतो. आणि विमा काढणार असाल, काढाच, तर त्यात किती उंचीपर्यंतचं ट्रेकिंग धरलंय ते वाचा आणि आजार लपवू नका, नाहीतर ऐन वेळी तो कागद उपयोगी पडायचा नाही.

"ओझं" हा तुमचा दुसरा शब्द. हा आपल्या पिढीतल्या बायकांना फार लवकर सुचतो. घरात कुणाला बरं नसलं तर आपण रात्र रात्र उशाशी बसतो, तेव्हा ते माणूस ओझं वाटत नाही. मग आपण थांबलो की मात्र ट्रेक मोडला असं का? सहा जणांच्या गटातल्या एकाला परतावं लागणं ही डोंगरात नेहमीची गोष्ट आहे, फक्त तिची सोय आधी केलेली असावी लागते. निघण्याआधी नेणाऱ्याला विचारा : एक माणूस परतला तर त्याच्याबरोबर उतरायला जादा माणूस आहे का? ऑक्सिजनचा सिलिंडर बरोबर असतो की खाली गाडीत? रोला खोलीवरून रस्त्यापर्यंत किती वेळ, आणि तिथं गाडी कोण बोलावणार? त्यानं नीट उत्तरं दिली नाहीत, किंवा "काही होत नाही" म्हणाला, तर दुसरा बघा. हे सगळ्याच वाचकांना सांगते. ट्रेकची किंमत विचारतो तितक्याच सहज हे प्रश्न विचारायला हवेत.

आणि भाच्याबरोबर मोपाला निघण्याआधीच एक बोलणं करून टाका, घरच्या ओसरीवर, चहा घेत. डोकं दुखत असेल तर मी लगेच सांगणार, तूही सांगायचंस. त्या उंचीवरची डोकेदुखी, दुसरं कारण सापडेपर्यंत, उंचीचीच समजायची. डोकेदुखीबरोबर मळमळ, अन्नावरची वासना जाणं, विचित्र थकवा असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, आहे तिथंच थांबायचं. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढं, नाही वाटलं तर खाली. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल घेतली तर हरकत नाही, पण ती घेऊन वर चालू लागायचं नाही. आणि बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, कुणी दारू प्यायल्यासारखं अडखळत चालू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी, सोबत घेऊन उतरायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याची ती लक्षणं असतात आणि त्यात माणूस काही तासांत दगावू शकतो. हा नियम तुमच्याइतकाच त्या पाच मुलांना लागू आहे. मावशी बरोबर आहे म्हणून त्यांनी हे ऐकलं, तर त्यांना तुमचा आधारच झाला म्हणायचा.

एक छोटी सूचना ऑक्सिमीटरबद्दल. कोविडच्या काळात घरोघरी आणलेला तो चिमटा बरेच जण बरोबर नेतात. घरी ९८ दाखवणारा तो रोला खोलीला ऐंशीच्या घरात आकडा दाखवेल, त्या उंचीवर ते अपेक्षित आहे. आकडा चांगला आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका.

मग करायचं काय? तुमच्यापुढं मला तीन वाटा दिसतात, आणि तिन्ही मला सारख्या आवडत नाहीत.

पहिली, भृगूच करायचं पण तीन दिवस वाढवून. मनालीत दोन रात्री. त्या दिवसांत हडिंबेच्या देवळापर्यंत, वशिष्ठच्या वरच्या वाटेनं सावकाश फिरायचं, नुसतं हॉटेलात पडून राहायचं नाही. मग गुलाबाला दोन रात्री, मधल्या दिवशी वरच्या कुरणांपर्यंत चढून परत खाली झोपायला. त्यानंतर रोला खोली आणि तलाव. तरीही रोला खोलीची उडी पाचशेहून जास्त आहे, म्हणून त्या रात्री सगळ्यांची विचारपूस नीट करायची. मुलांना तेवढी रजा मिळाली तर ही वाट उत्तम.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते : बियास कुंड. तेही मनालीजवळच. अटल बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड आहे त्या धुंडीच्या बाजूनं वाट जाते, मुक्काम बकरथाचच्या कुरणावर, सुमारे ३,३०० मीटरवर, आणि कुंड सुमारे ३,७०० मीटरवर. बियास नदीचा उगम तिथला मानतात आणि व्यास ऋषींचं नाव त्या कुंडाला जोडलेलं आहे. हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यांतून शेवटची चाल आहे, चारी बाजूंना हिमशिखरं, पाणी थेट बर्फाचं. हिमनदीचं तळं बघायची तुमची जी इच्छा आहे ती इथं भृगूपेक्षा कमी पुरी होणार नाही. मुख्य म्हणजे तुम्ही ३,३०० ला झोपता, कुंड दिवसा पाहून उतरता, आणि काही झालं तर धुंडीचा रस्ता लांब नाही. मनालीत दोन रात्री, बकरथाचला दोन, एवढं पुरे. नाले ओलांडताना मात्र वाटाड्याचा हात धरायला लाजू नका. बर्फाचं पाणी सकाळी कमी आणि दुपारनंतर वाढलेलं असतं.

तिसरी वाट, मुलांना भृगूला पाठवून तुम्ही मनालीत थांबायचं. ही मी सुचवत नाही. पुष्कळ बायका आयुष्यभर पायथ्याशीच सामान सांभाळत बसल्या आहेत. तुम्हाला मनापासून तसं हवं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रातून तसं दिसत नाही.

कुठलीही वाट घेतलीत तरी परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा. जुलै २०२३ मध्ये बियासला पूर येऊन कुलू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. सप्टेंबरअखेर सहसा पावसाचा जोर ओसरलेला असतो, पण तो प्रदेश आपल्या चोर्ला घाटासारखा नाही की दरड पडली तर अनमोडनं जाऊ.

तयारीचं थोडंच सांगते, कारण चालण्याची सवय तुम्हाला आहे. चढापेक्षा उताराचा सराव करा. भृगूहून वशिष्ठपर्यंतची उतराई गुडघे भरडून काढते, आणि गुडघ्यांना त्याची सवय उतरूनच होते. रविवारी पारोड्याचा चंद्रनाथ चढा आणि पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन पायऱ्या सावकाश उतरा. दोन काठ्या वापरायला इथंच शिका. आणि बूट! कपाटातले जुने ट्रेकिंगचे बूट तसेच उचलून नेऊ नका. आपल्या दमट हवेत बंद ठेवलेल्या बुटांचे तळ आतून कुजतात, बाहेरून नवे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी चालता चालता सुटून येतात. माझ्या मैत्रिणीनं मोज्यांवर दोरी गुंडाळून अर्धा दिवस काढलाय. आत्ताच बाहेर काढा, वाकवून बघा, महिनाभर घालून चाला.

पाण्याचं मात्र सविस्तर लिहिते, कारण पुरुष लिहितात त्या माहितीत हे नसतं. थंडीत रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून बायका संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही तेच केलं होतं. गोव्यात घाम अंगावरून ओघळतो, तहान कळते. तिथली हवा कोरडी आणि गार. घाम लागत नाही, पण प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात असतं आणि आपल्याला ते समजत नाही. पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, मग ते उंचीनं की तहानेनं हेच ओळखता येत नाही. तेव्हा दिवसभर थोडं थोडं पीत राहा, रात्रीचा मोठा पेला टाळा. शौचालयाचा तंबू तुमच्या तंबूपासून किती लांब हे पोचल्याबरोबर बघा, डोक्याचा दिवा उशाशी ठेवा आणि शेजारणीला बिनधास्त उठवा. गटात तुम्ही एकट्याच बाई असाल तर नेणाऱ्याला आधीच विचारा की दुसऱ्या गटातली कुणी बाई तंबूत सोबत मिळेल का. हा प्रश्न विचारणं अगदी रास्त आहे.

खाण्याचं : वर गेल्यावर भूक मरते. तिथला आचारी हौसेनं राजमा, पनीर करतो, ते जात नाही. मी आता उकड्या तांदळाची छोटी पुडी आणि लिंबाचं लोणचं घेऊन जाते आणि त्याला पेज करायला सांगते. पहिल्यांदा तो गोंधळतो, मग त्यालाही आवडते. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र त्या दिवसांत पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो. मुलांनाही हे सांगा, मनालीला उतरल्या रात्रीच बाटली उघडण्याचा मोह होतो.

राहिले यजमान. त्यांच्याशी वयावरून वाद घालू नका. त्यांना हे सगळं दाखवा, आकडे दाखवा, जुनं वेळापत्रक आणि नवं वेळापत्रक शेजारी ठेवा. "तुम्ही म्हणालात म्हणून मी नीट बघितलं आणि खरंच चूक सापडली," असं म्हणा, कारण ते खरं आहे. त्यांना भीती वाटत होती, ती त्यांना नीट सांगता आली नाही आणि वयावर घसरली, असा माझा अंदाज आहे. वाटाड्याचा आणि नेणाऱ्याचा नंबर त्यांच्याकडे द्या. वरच्या मुक्कामांवर फोन लागेलच असं नाही, तर कुठल्या दिवशी फोन येणार नाही हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या संध्याकाळी घरात कुणी दारापुढं येरझाऱ्या घालणार नाही. त्यांनी तरीही नको म्हटलं तर निर्णय तुमचा आहे, त्यांचा नाही. एवढं मी स्पष्ट लिहिते.

आज रात्री भाच्याला फोन करा आणि गोळीचं सांगून टाका. तो नेणार नाही म्हणाला, तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही बियास कुंडाला जाता येतं. रात्री जास्त गार असतात, पण आकाश लख्ख असतं, आणि तुमच्या धबधब्यांच्या ग्रुपमधल्या दोघी-तिघींना विचारायला अजून वेळ आहे.

आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हा "हिमालयात जातेय, जाऊ ना?" एवढंच विचारू नका. एका कागदावर तारखा लिहा आणि प्रत्येक तारखेपुढं, त्या रात्री किती मीटरवर झोपणार तो आकडा. चालू गोळीचं पाकीटही बरोबर न्या. तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा आणि मग विचारा.